लग्नाचे फोटो काढायला सुरुवात करताय? सेकंडहॅन्ड निकॉन डी७५० बद्दल, तीन सीझन वापरून झाल्यावर

मी हा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचं शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा आकडा, ४१ हजार होतं, आज १ लाख ३८ हजारच्या पुढे आहे. म्हणजे जवळपास ३९ लग्नं याच्यावर झाली, प्रत्येक लग्नाला अडीच हजार फ्रेम धरल्या तर. त्यामुळे दोन दिवस हातात धरून लिहिलेला रिव्ह्यू हा नाही, आणि मी लिहितेय ते फक्त त्यांच्यासाठी ज्यांना लग्नाचं काम सुरू करायचंय, हातात पैसे मोजके आहेत आणि पहिली खरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) कुठली घ्यावी यावर रात्र रात्र व्हिडिओ बघणं चालू आहे. मी पण त्यातून गेलेय. सहा महिने नुसते रिव्ह्यू बघितले आणि सगळे जण मेगापिक्सेल आणि डायनॅमिक रेंजवर बोलत होते. कार्डाच्या स्लॉटबद्दल एखादं वाक्य शेवटी कुठेतरी यायचं. माझ्या मते लग्नासाठी कॅमेरा बघताना ते वाक्य सगळ्यात आधी यायला हवं.

का ते सांगते. याच्या आधी माझ्याकडे क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरवाली, एक बॉडी होती, एकच कार्ड स्लॉट, फोटो चांगले यायचे, काही तक्रार नव्हती. मी स्वतंत्र घेतलेलं दुसरंच लग्न. मुख्य विधी झाले, फॅमिली ग्रुप झाले, आणि स्टेजवरून खाली उतरताना सहज मागचे फोटो बघायला प्लेचं बटण दाबलं तर स्क्रीनवर कार्ड एरर. काढून घातलं, परत एरर. मी ते कार्ड तसंच बाजूला ठेवलं, दुसरं घातलं आणि पुढचं काम चालू केलं, हात थरथरत होते पण काम थांबवता येत नाही ना. घरी येऊन रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं, पहाटेपर्यंत बसले, बहुतेक फोटो आले. साठेक आले नाहीत. त्यात नवरीच्या आजीबरोबरचा फोटो होता, आजी व्हीलचेअरवर होत्या, दहा मिनिटांसाठी आणलं होतं त्यांना, आणि नवरी त्यांच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसली होती. तो फोटो मला आजही डोळ्यासमोर दिसतो, फ्रेम कशी होती, आजींचा हात कुठे होता, सगळं. पण तो कुठेच नाहीये. मी फोन करून खरं काय झालं ते सांगितलं, नवरीने ऐकून घेतलं, मग थोडा वेळ काही बोललीच नाही. त्यानंतर एकच स्लॉट असलेली बॉडी घेऊन मी लग्नाला गेले नाही आणि जाणार नाही.

तर डी७५०. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे आरशावाला कॅमेरा, २४.३ मेगापिक्सेल, दोन एसडी कार्ड स्लॉट. वय झालंय त्याला हे मान्य, पण म्हणूनच तर तो आपल्या आवाक्यात आलाय. दुसऱ्या स्लॉटला तीन कामं देता येतात: पहिलं कार्ड भरलं की दुसऱ्यावर जा, किंवा प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिही, किंवा एकावर रॉ (सेन्सरची कच्ची, पूर्ण फाइल) आणि दुसऱ्यावर जेपेग (तयार, छोटी फाइल). मी दुसरा पर्याय लावून ठेवलाय, बॅकअप, दोन्हीवर रॉ. नवीन लोक बऱ्याचदा पहिल्या पर्यायावर, ओव्हरफ्लोवर ठेवतात कारण कार्डं कमी लागतात, पण मग दोन स्लॉट असून काय फायदा, एक कार्ड गेलं की तेवढे फोटो गेलेच. कार्डं घ्यायला पैसे कमी पडत असतील तर रॉ आणि जेपेगवाला पर्याय ठेवा, निदान जेपेग तरी हातात राहतील. एक लक्षात ठेवा, बॅकअपवर असताना दोन्हीपैकी एक जरी कार्ड भरलं तरी शटर पडत नाही, त्यामुळे दोन्ही कार्डं सारख्याच साइजची घ्या. एक ६४ आणि एक ३२ असं करू नका, भर कार्यक्रमात अडकाल. १४ बिटची लॉसलेस (माहिती न गाळणारी) रॉ फाइल साधारण ३० एमबीच्या आसपास जाते, म्हणजे ६४ जीबीच्या जोडीत दोनेक हजार फ्रेम, लग्नाला दोन जोड्या लागतातच.

हा स्लॉटचा मुद्दा मी एकटीच उगाळत नाहीये. २०१८ मध्ये निकॉनचाच झेड६ आणि कॅननचा ईओएस आर आला तेव्हा दोन्हीत एकच स्लॉट होता आणि लग्नवाल्या फोटोग्राफर्सनी त्यावर केवढा आरडाओरडा केला होता. त्याच वर्षीच्या सोनी ए७ थ्रीमध्ये दोन होते. मग २०२० मध्ये झेड६ टू आला तो दोन स्लॉट घेऊनच आला. त्यामुळे जुन्या बॉड्या बघताना फसू नका, नाव मोठं आहे म्हणजे दोन स्लॉट असतीलच असं नाही. कॅननचा ६डी फुल फ्रेम आहे, फोटो सुंदर येतात, पण स्लॉट एकच. ५डी मार्क थ्रीमध्ये दोन आहेत, एक सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) आणि एक एसडी. निकॉनचा डी६१० दोन स्लॉटवाला आहे आणि डी७५० पेक्षाही स्वस्तात मिळतो, पण त्याचा फोकस कमी उजेडात इतका भरवशाचा वाटला नाही मला, एका मैत्रिणीचा वापरून बघितला होता.

आता फोकस. लग्नात उजेड कधी आपल्या मनासारखा नसतो. सकाळी खोलीत तयारी चालू असते, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब, संध्याकाळी हॉलमधले अर्धे लाइट बंद करून टाकतात आणि वर रंगीत एलईडी फिरत असतात. डी७५० मध्ये ५१ पॉइंटची फोकस सिस्टीम आहे, कंपनी उणे ३ ईव्हीपर्यंत, म्हणजे अगदी अंधुक उजेडातही, चालते म्हणते, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो, मधले पॉइंट वापरले तर अंधारातही पकडतो, फार शोधत बसत नाही. पण त्या ५१ पैकी क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे, म्हणून जास्त भरवशाचे) फक्त १५ आहेत, मधल्या भागातले, कडेच्या पॉइंटवर अंधारात भरवसा ठेवू नका. आणि सगळे ५१ फ्रेमच्या मध्यभागीच गर्दी करून बसलेत, माणूस एकदम कडेला ठेवायचा असेल तर फोकस करून मग फ्रेम हलवावी लागते. मिररलेसवाल्यांना (आरसा नसलेले कॅमेरे वापरणाऱ्यांना) हे कळणारच नाही, त्यांचा डोळ्यावरचा फोकस फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत जातो. इथे कॅमेऱ्याने डोळा शोधणं वगैरे व्ह्यूफाइंडरमध्ये नाही, पॉइंट तुम्हीच हलवायचा. सुरुवातीला त्रास होतो, मग अंगठा आपोआप चालायला लागतो.

ग्रुप एरिया म्हणून एक मोड आहे, पाच पॉइंट मिळून एक. चालत येणाऱ्या जोडीसाठी मस्त चालतो, पण तो जवळची वस्तू पकडतो. मी पहिल्यांदा वापरला तेव्हा नवरी हातात फुलं घेऊन समोरून येत होती आणि सलग अकरा फ्रेममध्ये फुलांची एकेक पाकळी कापल्यासारखी शार्प आणि चेहरा मऊ. तेव्हापासून चेहऱ्यासमोर काही असेल तर सिंगल पॉइंट आणि तोच डोळ्यावर, ग्रुप मोड फक्त लांबून येताना.

लेन्सचं बोलल्याशिवाय हे अर्धवट राहील, कारण याच्याबरोबर बऱ्याचदा २४-१२० एफ/४ किट लेन्स मिळते. लेन्स वाईट नाही, दिवसा बाहेर छान काम करते, पण हॉलमध्ये एफ/४ कमी पडतं (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). मी ती विकली आणि त्या पैशात थोडे घालून ३५ एमएम एफ/१.८ आणि ८५ एमएम एफ/१.८ अशा दोन प्राइम घेतल्या. वर्षभर याच दोन. झूम नसल्यामुळे कुठे उभं राहायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि खरं सांगते, लग्नाच्या फोटोग्राफीत शिकण्यासारखी हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे, उभं कुठे राहायचं. पण ८५ एमएम १.८ वर उघडी टाकून सगळं काढायचा मोह होतो, मागचे लाइट गोल गोल होतात, फार भारी दिसतं स्क्रीनवर. दोन मीटरवरून १.८ ला जेमतेम ६ सेंटीमीटर शार्प येतं. नवरा अर्धा फूट मागे उभा असेल तर तो गेलाच. जोडीला मी कमीत कमी २.८, आणि दोघांचे चेहरे एका रेषेत आणून. ग्रुपला ३५ एमएम, एफ/५.६, चार मीटरवरून, तीन रांगा आरामात बसतात. हे आकडे मी पहिल्या वर्षी वहीत लिहून बॅगेत ठेवले होते, लाजायचं काय त्यात.

या कॅमेऱ्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे मोड डायलवरचे यू१ आणि यू२. नवीन माणसाला घाईत सेटिंग बदलताना घाम फुटतो, एक आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) विसरतो, एक शटर विसरतो. इथे दोन पूर्ण सेटअप साठवून ठेवता येतात. माझा यू१ म्हणजे फ्लॅश नाही, एफ/२, ऑटो आयएसओ, कमीत कमी शटर १/२००, वरची मर्यादा ६४००. यू२ म्हणजे फ्लॅश, मॅन्युअल, १/१२५, एफ/४, आयएसओ १६००. खोलीतून हॉलमध्ये शिरताना डायल एक खट्, झालं. फक्त एक सवय लावून घ्या, यू१ मध्ये काही बदललं आणि कॅमेरा बंद करून चालू केला की तो परत साठवलेल्यावर येतो, काही बदल कायम ठेवायचा असेल तर मेनूत जाऊन सेव्ह करावा लागतो.

वेगळं एएफ-ऑन (फक्त फोकस करणारं) बटण नाही याला. मी एई-एल एएफ-एलवाल्या बटणाला ते काम दिलंय, शटर फक्त फोटोला आणि फोकस अंगठ्याने. आठवडाभर चुकतं, नंतर दुसऱ्या पद्धतीने जमतच नाही.

आयएसओबद्दल लोक फार विचारतात. ३२०० डोळे झाकून, ६४०० ला दाणे दिसतात पण अल्बममध्ये छापल्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. १२८०० मी नाइलाज असेल तरच. बेस (सगळ्यात कमी) आयएसओला एडिटिंगमध्ये सावल्या उचलायला हा सेन्सर फार मोठ्या मनाचा आहे, दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलले तरी रंग धरून राहतो, म्हणून उन्हात पांढरे कपडे असतील तर मी सरळ थोडं अंडर (गरजेपेक्षा गडद) ठेवते, हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) वाचवते. हायलाइट वेटेड मीटरिंग, म्हणजे उजळ भाग बघून एक्स्पोजर ठरवणं, पण आहे, स्टेजवर एकच स्पॉटलाइट असेल तेव्हा खूप कामाचं. पण हीच चलाखी ६४०० ला करू नका. तिथे अंडर काढलेला फोटो उचलला की चेहऱ्यावर जांभळट घाण येते आणि ती एडिटिंगमध्ये जात नाही. जास्त आयएसओला एक्स्पोजर जागेवरच नीट ठेवा.

फ्लॅश. बॉडीवर छोटा पॉप-अप फ्लॅश आहे, तो समोरून कुणाच्या तोंडावर मारू नका, पण तो कमांडर म्हणून चालतो, म्हणजे एसबी-७०० सारखा फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता लांब ठेवून त्याने पेटवता येतो, वेगळा ट्रिगर घ्यावा लागत नाही. सुरुवातीला पैसे वाचवायला हे बरं पडतं, मोठ्या हॉलमध्ये मात्र आडवं कुणी आलं की पेटत नाही, त्यासाठी नंतर रेडिओ ट्रिगर घ्यावाच लागला. बाकी वेळ फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या जागेवर) आणि डोकं मागे-वर फिरवून छतावर बाउन्स. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर इतका मऊ लाइट येतो की लोक विचारतात सॉफ्टबॉक्स कुठे होता. छत लाकडी असेल तर सगळे चेहरे तपकिरी. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा आणि पिवळे बल्ब ३२०० च्या आसपासचे, दोन्ही एकत्र आले की माणूस निळा आणि मागचं केशरी किंवा उलटं, म्हणून फ्लॅशवर नारिंगी जेल लावते आणि व्हाइट बॅलन्स खाली आणते. जेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा एवढासा तुकडा आहे पण रात्रीच्या फोटोंचं एडिटिंग त्याने निम्म्यावर आणलं. सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं शटर, १/२०० पर्यंत, त्याच्या वर जायचं तर हाय स्पीड सिंक लावायचं, आणि त्यात फ्लॅशची ताकद भरपूर कमी होते.

एक कमतरता जी मला घेताना कुणीच सांगितली नव्हती, स्टिल फोटोंसाठी अँटी फ्लिकर नाही. निकॉनने ते नंतर डी५०० वगैरेमध्ये आणलं. काही स्वस्त एलईडी लाइट एका सेकंदात शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही, पण शटर जरा वेगाचं ठेवलं की फोटोवर आडवे काळे-पिवळे पट्टे. एका रिसेप्शनला मी १/५०० वर चालले होते आणि वीस मिनिटांनी स्क्रीन मोठी करून बघितली तेव्हा कळलं. उपाय साधा आहे, वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/१०० किंवा १/५० वर या, ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२५ किंवा १/६०. पण त्या वेगाला नाचणारे लोक हलतात, मग काही हलू द्या नाहीतर फ्लॅश वापरा. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या एक-दोन टेस्ट फ्रेम काढून झूम करून बघायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

दुसरी कमतरता आवाज. आरसा आहे, शटर आहे, खटॅक होतंच. क्यू म्हणजे क्वायट मोड आहे, त्याने थोडा दबतो पण जात नाही. एकदम शांत विधी असेल, सगळे डोळे मिटून बसलेत, आणि आपण दहा फ्रेमचा बर्स्ट मारला तर पुढच्या रांगेतले वळून बघतात आणि त्यांचं चुकत नाही. अशा वेळी मी तीन फ्रेम काढते आणि कॅमेरा खाली ठेवते. तसंही बर्स्ट सेकंदाला ६.५ फ्रेमचा असला तरी १४ बिट लॉसलेसमध्ये पंधराएक फ्रेमनंतर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि कॅमेरा धापा टाकतो, नेमका तेव्हाच कुणीतरी रडतं किंवा मिठी मारतं. बोट दाबून ठेवून लग्न काढता येत नाही याच्यावर. वाट बघावी लागते, क्षण येताना दिसावा लागतो. मला वैयक्तिक हे चांगलंच वाटलं, घरी येऊन सहा हजार फोटोतून निवडत बसण्यापेक्षा अडीच हजारातून निवडणं कधीही बरं, पण ज्याला आवाजच नको असं काम करायचंय त्याने थोडं थांबून मिररलेस घ्यावा.

हातात धरायला हा कॅमेरा फार आवडतो मला. ग्रिप खोल आहे, माझा हात छोटा आहे तरी चारही बोटं बसतात. बॅटरी आणि कार्ड धरून ८४० ग्रॅम, त्यावर ८५ एमएम साडेतीनशे, फ्लॅश वेगळा, रात्री मनगट बोलायला लागतं हे खरं. गळ्यातला पट्टा काढून टाका आणि आडवा खांद्यावरून येणारा घ्या, मानेला लगेच फरक कळतो. बॅटरी मात्र कमाल, एका चार्जला १२३० फ्रेमचं कंपनीचं रेटिंग आहे आणि स्क्रीनवर फार बघत बसलं नाही तर मला तेवढ्या मिळतातच, तीन बॅटऱ्यांत पूर्ण दिवस निवांत. स्क्रीन वर-खाली हलते, गर्दीत हात उंच करून डोक्यांवरून काढायला सोयीची, पण उभा फोटो असेल तर तिचा उपयोग नाही आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघून काढताना) फोकस हळू आहे, स्थिर माणसांपुरताच. व्हिडिओ फुल एचडी ६० पर्यंत, ४के नाही. व्हिडिओचं काम पण घ्यायचं असेल तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही.

सेकंडहॅन्ड घेताना काय बघायचं. शटर १ लाख ५० हजारला रेट केलेलं आहे, काउंट फोटोच्या एक्झिफमधून (फाइलमध्ये साठवलेल्या तांत्रिक माहितीतून) कळतो, विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेली मूळ फाइल मागा, व्हॉट्सअॅपवर आलेली नको, त्यात माहिती उडते. ५० हजारचा मिळाला तर अजून ४० लग्नांचं आयुष्य हिशोबाने शिल्लक आहे, पुढेही चालतो, शटर बदलूनही मिळतं. या मॉडेलच्या काही बॅचसाठी निकॉनने २०१५ मध्ये शटरची सर्व्हिस अॅडव्हायजरी काढली होती, फोटोच्या एका भागावर सावली येण्याबद्दल, मोफत दुरुस्तीही दिली होती आणि यादी नंतर वाढवली, म्हणून सिरियल नंबर घेऊन आधी चेक करा आणि विचारा काम झालंय का. जागेवर पांढऱ्या भिंतीचे वीसेक फोटो वेगवान शटरला काढा, कुठल्या फ्रेममध्ये कडेला काळपट पट्टा येतो का बघा. मग एफ/१६ वर एक, सेन्सरवरचे डाग दिसतात. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून दोन्हीवर फोटो पडतोय ना ते बघाच, बरेच लोक दुसरा स्लॉट कधी वापरत नाहीत आणि तो खराब आहे हे त्यांनाच माहीत नसतं. माझ्याबरोबर जाऊन दुसऱ्या एका मुलीने असाच एक नाकारला.

आणि घेतल्या घेतल्या तो थेट स्वतःच्या लग्नाच्या कामाला नेऊ नका. मी दोन वर्षं एका सिनियर दादांबरोबर सेकंड शूटर म्हणून जायचे. हा कॅमेरा घेतला तेव्हा मी खुशीत सांगितलं की शनिवारच्या कामाला घेऊन येते, तर दादा म्हणाले, "अगं, आण की, पण आधी पंधरा दिवस घरात लाइट बंद करून बटणं शोध. तिथे तुला मेनू बघायला कोण वेळ देणार?" मी खरंच तेच केलं. पलंगावर बसून अंधारात, आयएसओ कुठे, फोकस पॉइंट कुठे, कार्ड कसं बदलायचं. त्यानंतरच्या शनिवारी स्टेजवर सगळ्यांनी एकदम "ताई, इकडे बघा", "ताई, आमचा एक काढा ना" सुरू केलं तेव्हा हात आपोआप चालले.

सेकंड शूटर असाल तर अजून एक, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी एकत्र जुळवा, मोबाइल समोर धरून, सेकंदापर्यंत. नाहीतर एडिटिंगला दोघांच्या फोटोंचा क्रम जुळवताना जीव जातो. आणि एका बॉडीवर लग्न घेऊ नका, दोन स्लॉट असले तरी बॉडी एकच ना, ती पडली तर काय. माझी जुनी क्रॉप बॉडी अजून बॅगेत असते, ५० एमएम लावून, चार्ज करून, फक्त त्यासाठी. परवडत नसेल तर मित्राची मागून न्या, भाड्याने घ्या, पण न्या.

डी७८० पण २०२० मध्ये आला याच्या जागी, अँटी फ्लिकर आहे, लाइव्ह व्ह्यू खूप सुधारलाय, ४के आहे. हातात तेवढे पैसे असतील तर तो बघा. माझ्याकडे नव्हते, आणि जे होते त्यात उरलेल्या पैशांत दोन लेन्स, एक फ्लॅश आणि सहा कार्डं आली. सुरुवात करणाऱ्याला मी आजही हेच करायला सांगेन, पैसे बॉडीत कमी आणि लेन्स, फ्लॅश, कार्डात जास्त. रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पट्ट्यांसाठी कापला.

गेल्या महिन्यात एक लग्न झालं. नवऱ्याचे आजोबा, काठी टेकत आले, फोटोसाठी काठी बाजूला ठेवा म्हणून कुणीतरी म्हणालं तर ऐकेनात, मग नवऱ्यानेच त्यांची काठी स्वतःच्या हातात धरली आणि दुसरा हात त्यांच्या पाठीशी ठेवला. चार फ्रेम काढल्या, ८५ एमएम, २.८, आयएसओ ३२००. रात्री निघताना मी नेहमीसारखी दोन्ही कार्डं बाहेर काढली, पहिलं कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलं आणि दुसरं माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, चेन लावून.